खरी बस, कॉम्प्युटरची बस

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. वडूजला दहिवडी रस्त्याच्या कडेला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेडचं छप्पर पेलणाऱ्या कैच्या, घरांची गेटं अशी कामं तो करतो. मी सांगलीत एका छोट्या स्टुडिओत कामाला आहे. सिनेमाच्या चित्रीकरणात जे नको असतं ते आम्ही कॉम्प्युटरवर पुसतो. नटाच्या कमरेला बांधलेली तार, मागं चुकून आलेला विजेचा खांब, कुणाची तरी सावली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली गेली. त्यामुळं आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, आम्हा दोघांचीही कामं सारखीच परकी. दादाचं काम निदान हातात धरता येतं, एवढंच ते म्हणतात.

आम्हा बहीणभावाचं वेड एकच होतं आणि भांडणही एकच. सुपरहिरोंचे सिनेमे. मी शाळेत असताना दादानं पहिल्या कमाईतून मोठ्या पडद्याचा मोबाईल घेतला आणि हिंदीत डब केलेले सगळे सिनेमे आम्ही त्यावर पाहिले. मेंढरं वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आली की आबा हाका मारायचे, तरी आम्ही शेवटची लढाई संपल्याशिवाय उठायचो नाही. भांडण त्या लढाईवरूनच व्हायचं. दादाचं म्हणणं असं की, लढाई खरी असली पाहिजे. गाडी उडाली तर खरीच गाडी उडाली पाहिजे, भिंत पडली तर विटांची पडली पाहिजे. कॉम्प्युटरवर केलेल्या गाडीला वजन नसतं, असं तो म्हणायचा. खरी गाडी पडताना आधी टायर दबतो, मग धूळ उठते, मग पत्रा चेपतो. त्या क्रमात जरा जरी चूक झाली तरी त्याच्या डोळ्यांना ते कळायचं. तो पडद्यावर बोट ठेवून दाखवायचा.

मी उलट बाजूची. माझं एकच म्हणणं असायचं. खरी गाडी उडवायची म्हणजे आत कुणीतरी बसवायचा. कॉम्प्युटरवर गाडी उडवली तर कुणाच्या घरी निरोप जात नाही. ह्यावर दादा नुसता आवाज वाढवायचा.

पुढं ह्या भांडणात तिसरा माणूस आला, दादाचा रहिमतपूरचा मित्र. ट्रकवर नावं, फुलं, मोर रंगवणारा. त्याच्या वडिलांचंही तेच काम होतं. आम्ही तिघांनी मोबाईलवर एक ग्रुप केला. नवीन ट्रेलर आला की दहा मिनिटांत आमचं सुरू. रंगारी कुठल्याच बाजूचा नव्हता. जो हरत असेल त्याच्या मदतीला तो जायचा. त्यामुळं भांडण कधी मिटलंच नाही. मला स्टुडिओत नोकरी लागली तेव्हा दादानं ग्रुपवर लिहिलं होतं, आमची बाय आता खोटं करायचा पगार घेणार.

मग वडूजच्या पलीकडच्या माळावर शूटिंग आलं. एका मोठ्या सुपरहिरो सिनेमातली लढाई तिथं व्हायची होती. त्यांना लोखंडाचं काम भराभर करणारा माणूस हवा होता आणि कुणीतरी दादाचं नाव सांगितलं. दादा आठ दिवस तिकडं होता. एक जुनी बस उलटवायची होती. बसच्या पोटात एक जाड नळकांडं बसवलेलं, त्यातून हवेच्या दाबानं ओंडका खाली जमिनीवर आदळायचा आणि धावती बस एका अंगावर उचलली जायची. बस चालवायला आत एक स्टंटवाला बसणार होता. त्याच्या सीटभोवती लोखंडी पिंजरा करायचा, म्हणजे छप्पर चेपलं तरी माणूस चेपणार नाही. तो पिंजरा दादानं केला.

शूटिंगवर सगळ्यांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावली होती, त्यामुळं फोटो नव्हते. पण दादाच्या सांगण्यातून आम्ही ते सगळं इतक्या वेळा पाहिलं की फोटोची गरज पडली नाही. बस कशी आली, कसा आवाज झाला, कशी उचलली गेली, कशी आडवी घासत गेली. शेवटी तो स्टंटवाला खिडकीतून बाहेर आला आणि दादाच्या पाठीवर थाप मारून गेला, इथं ती गोष्ट संपायची. तो कायम तिथंच थांबायचा. मला वाटायचं, ह्या एका बसनं दादानं माझ्याशी चाललेलं सगळं भांडण जिंकलं.

सात-आठ महिन्यांनी तो सिनेमा आमच्या स्टुडिओत आला. सगळा नाही, काही तुकडे. आमच्याकडं असंच असतं. मोठी कंपनी काम घेते, ती छोट्यांना वाटते, वाटत वाटत सांगलीतल्या आमच्या बारा खुर्च्यांपर्यंत येतं. सिनेमाचं नावसुद्धा आम्हाला सांगत नाहीत, नुसता एक आकडा असतो. मोबाईल बाहेर कपाटात ठेवायचा आणि आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, असा कागद आम्ही नोकरीला लागतानाच सही करून दिलेला.

मी माझा तुकडा उघडला. माळ, मागं उघडी टेकडी, टेकडीवर तीन पवनचक्क्या. तो माळ मी ओळखला, लहानपणी आम्ही मेंढरं घेऊन तिथूनच जायचो. मग डावीकडून बस आली आणि मला हसूच आलं. म्हणजे दादाची बस माझ्याकडं आली होती. बस उचलली गेली, आडवी पडली, घासत गेली, धुरळा उठला. दादानं सांगितला होता तसाच क्रम. आधी टायर, मग धूळ, मग पत्रा.

खाली सूचना लिहिल्या होत्या. पवनचक्क्या काढणे. जमिनीवरच्या खुणा काढणे. शेवटी डावीकडून पळत येणारा माणूस काढणे.

मी तुकडा पुढं चालवला. बस थांबल्यावर कॅमेरा अजून चालूच होता. बसच्या पुढच्या भागातून धूर येत होता. आणि डावीकडून एक माणूस पळत आला. अंगात पिवळा शर्ट, पायात एकच चप्पल. दुसरी मागं पडलेली दिसत होती. बाकी कुणीच फ्रेममध्ये आलं नव्हतं, बहुतेक त्यांना थांबायचा हुकूम असावा. हा एकटाच बसकडं धावत सुटला होता. तो दादा होता. बसजवळ पोहोचायच्या आधी त्यानं एकदा कॅमेऱ्याकडं मान वळवली, कुणीतरी हाक मारली असेल. तेवढ्या चार-पाच फ्रेममध्ये त्याचं तोंड दिसलं. मी त्याचा असा चेहरा कधीच पाहिला नव्हता. आमची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

मी उठून पाणी पिऊन आले. परत बसले. परत उठले. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली, पोट बिघडलं का. मी मान हलवली. त्या दिवशी मी पवनचक्क्या काढल्या, खुणा काढल्या, आणि दादाला शेवटी ठेवला.

माणूस पुसायचा म्हणजे सोपं नसतं. तो जिथून जिथून गेला तिथली जमीन परत भरावी लागते. आजूबाजूचं गवत उचलायचं, दगड उचलायचे, धूळ जुळवायची. फ्रेमनंतर फ्रेम. दीड दिवस मी माझ्या भावाला पायापासून डोक्यापर्यंत गवतानं भरत होते. पुढं-मागं चालवून बघायचं तेव्हा तो मागं पळत जायचा, परत पुढं यायचा. मागं पडलेली चप्पलही पुसली. तोंड दिसणाऱ्या फ्रेमवर मी आले आणि हात थांबला. साहेब मागं येऊन उभे राहिले, अजून किती वेळ म्हणाले. मी म्हटलं, झालंच. आणि केलं.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला, शेडचा पत्रा सांगलीत काय भावानं मिळतो हे विचारायला. मला धड बोलता येईना. पिंजरा नक्की टिकला होता ना, असं विचारावंसं वाटत होतं. विचारलं असतं तर मला कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं. त्यानं विचारलं, बरी हायस ना. मी म्हटलं, कामाचा ताण आहे.

त्यानंतरचे चार महिने मला एका जागी चैन पडेना. जेवता जेवता उठायचे. पुलावरून चालत कृष्णेपलीकडं जायचे आणि तशीच परत यायचे. ग्रुपवर दादा सिनेमाच्या तारखेची वाट बघत होता, रोज काहीतरी टाकायचा, आणि मी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकायचे. रंगाऱ्यानं एकदा स्वतंत्र मेसेज करून विचारलं, ताई, तुमचं काय बिनसलंय का. मी नाही म्हटलं.

सिनेमा लागला. पहिल्याच रविवारी दादा आणि रंगारी मोटारसायकलवरून सांगलीला आले. दादानं नवा शर्ट घातला होता. दुपारच्या खेळाची तिकिटं मीच काढून ठेवलेली. लढाई मध्यंतरानंतर होती, तरी दादा सुरुवातीपासूनच खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी त्याच्याकडं बघत होते, पडद्याकडं कमी.

बस आली. आमचा माळ होता, पण टेकडीमागं जळणारं शहर होतं. बस उचलली गेली, आणि तिथून पुढं ती दादाची बस राहिली नाही. हवेत असतानाच बदलली होती. हिरो पुढं आला, एका हातानं ती हवेतच धरली आणि अलगद खाली ठेवली. मी पुसून दिलेल्या मोकळ्या जमिनीवर. सगळं मिळून चार सेकंद. थिएटरात शिट्ट्या पडल्या. दादा मागं टेकला.

बाहेर भडंगाच्या गाडीपाशी कॉलेजच्या पाच-सहा पोरांचा घोळका उभा होता आणि त्यांच्यात आमचंच भांडण पेटलं होतं. एक उंच मुलगा मोबाईल पुढं धरून सगळ्यांची मतं रेकॉर्ड करत होता, त्याचा सिनेमाचा चॅनेल असावा. त्याचं म्हणणं, आख्ख्या लढाईत एकही गोष्ट खरी नाही, सगळं कॉम्प्युटर, आणि म्हणून मजा नाही. दुसरा म्हणत होता, पैसे वाचवायला असं करतात. चष्मेवाली एक मुलगी एकटीच उलट बोलत होती की, खरं काय आणि खोटं काय हे तुम्हाला बसल्या जागी कसं कळतं. रंगाऱ्यानं सवयीप्रमाणं तिची बाजू घेतली. आणि मग दादा मध्ये पडला.

तो शांतपणे म्हणाला, “बस खरी हाय. ती उलटवताना मी तिथं हुतो. आतला पिंजरा मी केलाय.”

उंच मुलानं मोबाईल दादाकडं वळवला आणि हवेत धरलेली बस खरी कशी असेल, असं हसून विचारलं. दादा सांगायला लागला, नळकांडं, ओंडका, माळ. पोरं ऐकत होती, पण एकमेकांकडं बघत होती. एकानं फोटो आहे का विचारलं. दादानं चिकटपट्टीचं सांगितलं. मग कुणीतरी हळूच हसलं.

दादा माझ्याकडं वळला. “हिला इचारा. ही त्यातलंच काम करती. सांग की गं, आदी बस खरी असती का न्हाई.”

मोबाईल माझ्याकडं वळला. मला वाटतं, मी एवढंच म्हणू शकले असते की, हो, असं करतात. त्यात कुठला कागद मोडत नव्हता. पण मला त्या कॅमेऱ्याची भीती वाटली, नोकरीची भीती वाटली, आणि तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल असं वाटलं. मी मोबाईलकडंच बघत म्हटलं, “मला ह्या सिनेमाबद्दल काही माहीत नाही.”

मोबाईल खाली झाला. रंगाऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि भडंगाचा कागद चुरगळून टाकला. दादानं मोटारसायकलला किक मारली. जाताना जातो म्हणाला, पण माझ्याकडं न बघता.

त्यानंतर ग्रुप गप्प झाला. नवा ट्रेलर आला, कुणी टाकला नाही. मी दादाला फोन केला की वहिनी उचलायची, ते दुकानात आहेत म्हणायची. त्या पोरानं आपला व्हिडिओ चॅनेलवर टाकला, त्यात दादाचा तुकडा होता आणि खाली लोकांनी लिहिलेलं होतं. काका फेकतात, असं बरंच. मी ते वाचत बसायचे. स्टुडिओत माझ्या चुका व्हायला लागल्या. एका तुकड्यात मी तार पुसायच्या ऐवजी नटाचा अंगठा पुसला.

तिसऱ्या रविवारी मी सकाळची बस धरली. विट्याला उतरले, दुसऱ्या बसला उशीर होता. स्टँडवर बसवेना म्हणून फेऱ्या मारल्या. वाटेतलं मायणी गेलं तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. वडूजला पोहोचले तेव्हा दादा दुकानात एकटाच गेटचं काम करत होता. मला बघून त्यानं ग्राइंडर बंद केला नाही. मी लोखंडी स्टुलावर बसून राहिले. कापून झाल्यावर त्यानं चष्मा वर केला.

मी सगळं सांगितलं. माळ ओळखला ते, पवनचक्क्या, सूचना. पिवळा शर्ट म्हटल्यावर त्याच्या हातातला ग्राइंडर खाली गेला.

“मी दिसतूय त्यात?” तो म्हणाला.

“दिसत होतास. मी पुसलं तुला.”

बाहेरून ऊस भरलेली ट्रॉली गेली. मग त्यानं विचारलं, त्याच्या जागी काय घातलं. मी म्हटलं, गवत, तिथलंच, बाजूचं. त्याला ते कसं करतात हे नीट समजून हवं होतं. मी सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, जसा एखाद्या नव्या मशीनबद्दल ऐकतो तसा. मला वाटलं, संपलं, आता राग गेला. पण मला जे विचारायचं होतं ते राहिलंच होतं.

“तू पळालेलं कधी सांगितलं नाहीस,” मी म्हटलं.

त्यानं हातमोजे काढले, ठेवले, परत उचलले.

“पिंजऱ्याचा एक जोड घाईत मारला हुता. शेवटचा. तिकडनं वराडत हुते, ऊन उतरतंय, चला, चला. मी म्हनलो झालंय. मग बस पडली आन धूर आला आन मला तेवढा एकच जोड दिसाय लागला. मला वाटलं, मी मानूस मारला.”

जोड टिकला होता. स्टंटवाला हसत बाहेर आला होता आणि त्यानं खरंच पाठीवर थाप मारली होती. पण त्यानंतर दादा एका गाडीमागं जाऊन ओकला होता. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला तर न्हाईच,” तो म्हणाला. “तू लगीच म्हनली असतीस, बघ, मी काय सांगत हुते.”

मी रडले नाही. मला नुसतं उठून उभं राहावंसं वाटलं आणि मी उठले. दुकानभर फिरले, उगीच एक पट्टी उचलून बघितली. इतकी वर्षं मी आत बसवलेल्या माणसाच्या ज्या वाक्यानं त्याला हरवत होते ते वाक्य त्याला असं येऊन भेटलं होतं, आणि त्यामुळंच तो एकटा पडला होता. मी थिएटरबाहेर खोटं बोलल्याची माफी मागितली. तो म्हणाला, “तुजी नोकरी हाय. मला राग त्याचा न्हाई आला. तू माझ्याकडं बघितलं न्हाईस, त्याचा आला.”

दुपारी घरी जेवलो. आबांनी विचारलं, आज कसं येणं झालं. दादा म्हणाला, पत्र्याचा भाव सांगायला आली. आबांना ते पटलं.

पुढं दोन-तीन महिन्यांनी दादाला दुसऱ्या शूटिंगचा फोन आला. ह्या वेळी ट्रक होता. दादानं सांगितलं की, पिंजरा झाल्यावर आधी तो क्रेननं उचलून दोनदा आपटून बघणार, मगच माणूस बसवायचा, आणि त्याला दोन दिवस जास्त लागतील. समोरचा माणूस कळवतो म्हणाला. दादा आठवडाभर फोन खिशातून काढून बघत होता. कळवलं नाही. गेलं काम तर गेलं, असं तो तोंडानं म्हणाला, पण वहिनी सांगते की त्या आठवड्यात त्यानं एकच गेट तीनदा रंगवलं.

ग्रुप परत सुरू झाला. रंगाऱ्याची तक्रार आहे की आम्हा दोघांत आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही, कुणी हरतच नाही तर तो कुणाच्या मदतीला जाणार. मी अजून तीच नोकरी करते. पुसायचा माणूस आला की हात लावण्याआधी तो तुकडा एकदा सबंध बघते, तो कुठून आला, कुठं चाललाय. साहेबांना वाटतं मी हळू झाले.

परवा दादानं एका नव्या सिनेमाच्या ट्रेलरचा तुकडा पाठवला. पुलावरून एक टँकर खाली कोसळतो. खाली त्यानं लिहिलं होतं, ह्यात आत मानूस हाय का बघ. मी तो एकेक फ्रेम करून पाहिला. काचेमागं एक काळसर डाग होता. डोकं असेल, नाहीतर सीटचा उंचवटा. मी मोठा करून पाहिला, उजेड वाढवून पाहिला. जेवण गार झालं.

मी लिहिलं, कळत नाही.

त्यानं लगेच लिहिलं, मला पन न्हाई. आणि दुसरा तुकडा पाठवला.